बदल मॅनेज करणं आणि बदलाचं नेतृत्व करणं: फरक कुठे असतो आणि तो ओळखायचा कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेत नवी संगणक प्रणाली येते आहे आणि तिच्यासोबत कामाची पद्धतही बदलणार आहे. 'चेंज मॅनेजर' हे पद तुमच्याकडे आलं आहे. वरिष्ठ प्रत्येक बैठकीत म्हणतात, "बदल नुसता मॅनेज करू नका, लीड करा." पण सोमवारी सकाळी येऊन वेगळं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. शिवाय ज्यांनी आपली पद्धत बदलायची आहे, त्यांच्यापैकी एकही माणूस तुमच्या हाताखाली नाही.

या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी दोन रकान्यांचा तक्ता मिळतो. एका बाजूला व्यवस्थापक: योजना, अंदाजपत्रक, नियंत्रण. दुसऱ्या बाजूला नेता: दृष्टी, प्रेरणा, धाडस. तक्ता चुकीचा नाही, पण कामाच्या जागी त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यात माणसांचे दोन प्रकार पाडलेले असतात, आणि प्रत्यक्षात एकाच माणसाला सकाळी एक काम करावं लागतं, दुपारी दुसरं. मी बरीच वर्षं संस्थांमध्ये हेच काम करते आहे. माझ्या मते फरक शोधायचा तो अडचणीत, माणसाच्या स्वभावात नाही.

त्यासाठी मी एक प्रश्न विचारते. समजा उद्या सकाळी प्रत्येकाला नवी पद्धत पूर्ण समजलेली आहे, लॉगिन चालतं आहे, साधनं हाताशी आहेत आणि शिकायला वेळही मिळालेला आहे. मग लोक ती पद्धत वापरतील का?

उत्तर 'हो' असेल, तर तुमच्यासमोरचं काम व्यवस्थापनाचं आहे. माहिती पोचवा, प्रशिक्षण द्या, डेटा साफ करा, तारीख ठरवा, मदत कक्ष उभा करा. उत्तर 'नाही' असेल, तर अडचण माहितीची नाही. त्या लोकांना काहीतरी सोडावं लागणार आहे: अधिकार, ओळख, हातखंडा, एखादी सवलत, कधीकधी वर्षानुवर्षांचा एक समज. ते का सोडायचं, त्याच्या बदल्यात काय मिळणार आणि सोडताना सोबत कोण असणार, याचं उत्तर कोणत्याही प्रशिक्षण वर्गात मिळत नाही. ते द्यायला नेतृत्व लागतं. हार्वर्डचे रोनाल्ड हायफेट्झ यांनी हाच भेद तांत्रिक प्रश्न आणि जुळवून घेण्याचे प्रश्न अशा शब्दांत मांडला आहे. नेतृत्वाची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला पहिल्या प्रकारचं उत्तर देणं, असं ते सांगतात, आणि माझा अनुभव त्याला पूर्ण दुजोरा देतो.

हा प्रश्न संपूर्ण प्रकल्पाला एकदाच विचारून भागत नाही. प्रत्येक गटासाठी तो वेगळा विचारावा लागतो. एकाच प्रणालीबद्दल लेखा विभागाचं उत्तर 'हो' असू शकतं आणि खरेदी विभागाचं 'नाही'.

आता एक उदाहरण बघा, ज्यात जवळजवळ सगळं काम व्यवस्थापनाचं होतं. रविवार, ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता स्वीडनने रस्त्याच्या डाव्या बाजूने गाड्या चालवणं सोडलं आणि अख्खा देश उजव्या बाजूने चालू लागला. त्याआधी १९५५ मध्ये याच प्रश्नावर सार्वमत झालं होतं आणि सुमारे ८३% मतदारांनी बदल नको असं सांगितलं होतं. तरी १९६३ मध्ये संसदेने निर्णय घेतला. शेजारच्या देशांत वाहतूक उजवीकडून होती आणि स्वीडनमधल्या बहुतेक मोटारींचं स्टिअरिंगही डावीकडेच होतं. त्यानंतर जे झालं ते नियोजनाचा नमुना म्हणून अभ्यासण्यासारखं आहे. सुमारे ३,६०,००० पाट्या आणि खुणा बदलल्या. हजारो बसगाड्यांचे दरवाजे दुसऱ्या बाजूला आले. दुधाच्या पाकिटांपर्यंत सगळीकडे या बदलाचं बोधचिन्ह छापलं गेलं. त्या रात्री अत्यावश्यक नसलेल्या वाहनांना रस्त्यावर बंदी होती. जी वाहनं होती, त्यांनी ४ वाजून ५० मिनिटांनी थांबायचं, सावकाश उजव्या बाजूला जायचं आणि ५ वाजेपर्यंत तिथेच उभं राहायचं. वेगमर्यादाही खाली आणलेली होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, अपघातांची संख्या नेहमीच्या सोमवारांपेक्षा जास्त नव्हती.

यात शिकण्यासारखं काय आहे? ८३% विरोध हा आकडा पाहिला, की कोणीही म्हणेल, इथे लोकांची मनं वळवावी लागणार. प्रत्यक्षात त्या पहाटे कोणाचंही मन वळवायची गरज नव्हती. प्रत्येक चालकाची स्वतःची सुरक्षा नवा नियम पाळण्यातच होती. सगळे उजवीकडून जात असताना एकट्याने डावीकडून जाण्यात कोणाचा फायदा? कुठल्या बाजूने जायचं एवढं नक्की कळलं, की बदल पूर्ण होत होता. म्हणजे विरोधकांच्या संख्येवरून कामाचा प्रकार ठरत नाही. नवी पद्धत न पाळून माणसाला काही राखता येतं का, यावरून तो ठरतो. नेतृत्वाचा भाग इथेही होताच, पण तो आधी होऊन गेला होता: लोकमताच्या विरोधात निर्णय घेणं आणि त्याची जबाबदारी अंगावर घेणं. तो संसदेने उचलला, त्यामुळे अंमलबजावणी करणाऱ्या आयोगाला निर्धास्तपणे पाट्या मोजता आल्या. तुमच्या प्रकल्पात वरच्यांनी हा भाग उचललेला नसेल, तर उत्तम नियोजन करूनही तो ओढत ओढत तुमच्याच टेबलावर येईल. याबद्दल शेवटी बोलते.

याच्या उलट बाजूचं उदाहरण शस्त्रक्रियागृहातलं आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी थांबून ठरावीक गोष्टी मोठ्याने पडताळायच्या. त्यात एक मुद्दा असा, की खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि भूमिका सांगायची. जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले: मृत्यूचं प्रमाण १.५% वरून ०.८% वर आलं, गंभीर गुंतागुंत ११% वरून ७% वर. एका कागदाने एवढा फरक पडला असेल, तर तो कागद सगळीकडे पोचवावा असं कोणालाही वाटेल. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने २०१० मध्ये तसंच केलं. यादी वापरल्याचा अहवाल देणं रुग्णालयांना बंधनकारक झालं, आणि रुग्णालयांनी ९०% हून अधिक पालन होत असल्याचं कळवलं. २०१४ मध्ये १०१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूचं प्रमाण ०.७१% वरून ०.६५% वर गेलं होतं, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक पडला असं म्हणता येणार नाही इतकंच.

या निकालावर तज्ज्ञांमध्ये वाद झाले. तिथला मृत्युदर मुळातच कमी होता, अभ्यासाचा कालावधी छोटा होता, असे आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. पण ज्यांनी कुठल्याही संस्थेत डॅशबोर्ड पाहिला आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल: पालन जवळजवळ पूर्ण, परिणाम जवळजवळ शून्य. चौकटीत खूण करायला एक सेकंद लागतो. ज्येष्ठ सर्जनने सगळ्यात कनिष्ठ परिचारिकेला "थांबा, एक गोष्ट राहिली आहे" असं म्हणू देणं आणि तिने म्हटल्यावर खरोखर थांबणं ही वेगळी गोष्ट आहे. कागद सर्जनकडून तेच मागत होता. खूण मोजता येते म्हणून ती मोजली गेली. त्यामागची देवाणघेवाण झाली की नाही, हे अहवालात कुठेच दिसत नव्हतं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या अतिदक्षता विभागांत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी केलेलं काम याच्याशेजारी ठेवून बघा. मोठ्या शिरेत नळी घालताना होणारा संसर्ग टाळायला पाच साध्या पायऱ्या: हात धुणं, त्वचा जंतुनाशकाने स्वच्छ करणं, पूर्ण निर्जंतुक आवरणं वापरणं, शक्यतो मांडीच्या शिरेत नळी न घालणं आणि गरज संपली की नळी काढून टाकणं. यातली एकही गोष्ट डॉक्टरांना नवी नव्हती. २००६ मध्ये १०३ विभागांचे निकाल आले. संसर्ग जास्तीत जास्त ६६ टक्क्यांनी कमी झाला होता आणि दीड वर्षानंतरही तो खालीच होता.

तिथे दोन्ही प्रकारचं काम झालं होतं, आणि ते वेगवेगळं ओळखून झालं होतं. प्रोनोव्होस्ट यांनी आधी आपल्या रुग्णालयात पाहिलं, तेव्हा नळी घालण्यासाठी लागणारं साहित्य आठ वेगवेगळ्या जागांहून गोळा करावं लागत होतं. मग सगळं एका ढकलगाडीवर ठेवलं. हे शुद्ध व्यवस्थापन, आणि याला कमी लेखणाऱ्यांशी माझं कधीच पटत नाही. दुसरी गोष्ट अशी, की डॉक्टरने एखादी पायरी सोडली तर परिचारिकेने त्याला थांबवायचं, आणि तिने थांबवलं तर रुग्णालयाचं प्रशासन तिच्या पाठीशी उभं राहील, हे आधी जाहीर झालं. हे नेतृत्व. इथे डॉक्टरांना काही सोडावं लागत होतं, परिचारिकांना धोका पत्करावा लागत होता, आणि त्या धोक्याची हमी वरच्या माणसांनी घेतली होती. ढकलगाडी नसती तर हमी पोकळ ठरली असती. हमी नसती तर ढकलगाडी कोपऱ्यात पडून राहिली असती.

आता तुमच्या प्रकल्पासारखं एक उदाहरण. एका उत्पादन कंपनीत साठ्याची नवी प्रणाली आली. कोणता सुटा भाग कुठल्या मांडणीवर, किती शिल्लक, हे सगळ्यांना पडद्यावर दिसणार होतं. भांडाराचे पर्यवेक्षक अनुभवी गृहस्थ होते. त्यांच्या नोंदी नेहमी एक-दोन दिवस उशिरा व्हायच्या, त्यामुळे पडद्यावरचे आकडे कायम चुकीचे. प्रकल्पाच्या चमूने त्यांना प्रशिक्षण दिलं, मग पुन्हा दिलं, मग त्यांच्यासाठी चित्रांसह पुस्तिका बनवली. फरक पडला नाही. मी त्यांच्या शेजारी बसले तेव्हा पहिल्या तासातच दिसलं, की त्यांना प्रणाली उत्तम येते. पण दर थोड्या वेळाने कोणीतरी फोन करायचं: "साहेब, तो बेअरिंगचा संच आहे का हो?" आणि ते वहीत न बघता उत्तर द्यायचे. कारखान्यात त्यांना जो मान होता, तो या उत्तरांमुळे होता. नवी प्रणाली त्यांच्याकडून नोंदी मागत नव्हती, तो मान मागत होती. चौथ्या प्रशिक्षणाने यात काय होणार होतं?

कारखान्याच्या प्रमुख बाई स्वतः त्यांना सगळ्यात जास्त फोन करायच्या. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पर्यवेक्षकांना बोलावून सरळ सांगितलं, की आजवर हा साठा तुमच्या डोक्यात होता म्हणून कारखाना चालला, आणि आता तो तिथून बाहेर काढण्यात तुमचं काही जातं आहे हे मला कळतं. मग साठ्याचं वर्गीकरण आणि संकेतांक ठरवण्याचा शेवटचा शब्द त्यांना दिला. तोपर्यंत ते काम बाहेरचा सल्लागार करत होता. दुसरी गोष्ट जास्त कठीण होती: त्यांनी स्वतः फोन करणं बंद केलं. पडद्यावर चुकीचा आकडा दिसला तरी त्या आकड्यावरच निर्णय घ्यायच्या आणि चूक झाली तर बैठकीत ती चूक मांडायच्या. काही आठवड्यांत नोंदी वेळेवर होऊ लागल्या. मी पाहिलेल्या यशस्वी बदलांमध्ये हा धागा जवळजवळ नेहमी सापडतो: नेतृत्व करणाऱ्या माणसाने आधी स्वतःची एखादी सोय सोडलेली असते, आणि ती सोडलेली इतरांना दिसते. ज्या वरिष्ठांना सगळं नव्या प्रणालीत हवं असतं, पण स्वतःचा अहवाल मात्र जुन्या एक्सेल शीटमध्ये हवा असतो, त्यांच्या भाषणांचा परिणाम होत नाही.

इथे 'विरोध' या गोष्टीबद्दल थोडं. लोक बदलाला विरोध करतात, हे वाक्य मला अर्धवट वाटतं. लोक स्वतःहून घरं बदलतात, नोकऱ्या बदलतात, नवे फोन एका संध्याकाळी शिकतात. ते विरोध करतात तो नुकसानीला, आणि आपल्याला न विचारता लादलेल्या गोष्टीला. यावरचा सगळ्यात जुना आणि मला अजूनही सगळ्यात आवडणारा प्रयोग लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांचा. अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात तो झाला, १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत आणि त्यानुसार नगावर मिळणाऱ्या मजुरीचे दर बदलायचे होते. एका गटाला बदल नुसता सांगितला. दुसऱ्या गटाच्या प्रतिनिधींना आखणीत घेतलं. आणखी दोन गटांत सगळ्याच कामगारांना सहभागी केलं. पहिल्या गटाचं उत्पादन घसरलं ते घसरलेलंच राहिलं, तक्रारी वाढल्या, आणि पहिल्या ४० दिवसांत १७% कामगार सोडून गेले. सर्वांना सहभागी केलेले गट लवकर सावरले आणि आधीच्या उत्पादनाच्याही पुढे गेले. नंतर त्या पहिल्याच गटातल्या उरलेल्या लोकांना दुसऱ्या एका बदलात सहभागी करून घेतलं, तेव्हा त्यांचंही काम सुधारलं. म्हणजे माणसं तीच होती.

या प्रयोगातली एक बाब मात्र सहसा सांगितली जात नाही. बदल करायचा की नाही, हे कामगारांना विचारलं नव्हतं. तो होणार हे ठरलेलं होतं आणि का करायचा हे त्यांच्यासमोर मांडलं होतं. कसा करायचा, हे त्यांच्यासोबत ठरलं. तुम्हीही ही रेघ पहिल्याच दिवशी स्पष्ट ओढा. काय ठरलं आहे, काय तुमच्या हातात आहे, कशाचा निर्णय अजून व्हायचा आहे. सगळं ठरलेलं असताना "तुमची मतं हवी आहेत" अशी बैठक घेतली, तर लोकांना ते पाच मिनिटांत कळतं, आणि पुढच्या वेळी खरंच मत हवं असतं तेव्हा कोणी तोंड उघडत नाही.

प्रशिक्षणांमध्ये तुम्हाला एक वक्ररेषा दाखवतील: धक्का, नकार, राग, नैराश्य, मग स्वीकार. तिचं मूळ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांच्या कामात आहे, आणि ते काम मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांवर आधारलेलं होतं. संस्थांमधल्या बदलावर ती रेषा नंतर चिकटवली गेली. माझी कळकळीची विनंती आहे, की ती वापरून माणसांवर शिक्के मारू नका. "तो अजून नकाराच्या टप्प्यात आहे" असं एकदा म्हटलं, की त्या माणसाचा आक्षेप ऐकायची गरज संपते. आणि अनेकदा तो आक्षेप बरोबर असतो: नव्या प्रणालीत खरंच एक पायरी राहिलेली असते, जी फक्त त्यालाच माहीत असते.

सादरीकरणात हमखास येणारा दुसरा आकडा म्हणजे "७०% बदल फसतात". तोही वापरू नका. १९९३ मध्ये मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी या व्यवस्थापन लेखकांनी 'रीइंजिनिअरिंग'बद्दल, म्हणजे कामाच्या प्रक्रिया मुळापासून नव्याने रचण्याच्या प्रकल्पांबद्दल, ५० ते ७०% असा अंदाज मांडला होता आणि तो शास्त्रीय नसल्याचं त्यांनीच म्हटलं होतं. मार्क ह्यूज या अभ्यासकाने २०११ मध्ये या आकड्याचा माग काढला, तेव्हा त्यामागे ठोस पुरावा सापडला नाही. लोकांना घाबरवून कामाला लावण्याखेरीज त्या आकड्याचा उपयोग नाही, आणि घाबरलेली माणसं चुका लपवतात.

हार्वर्डचे व्यवस्थापनतज्ज्ञ जॉन कॉटर यांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. व्यवस्थापन गुंतागुंतीला तोंड देतं आणि नेतृत्व बदलाला, ही त्यांची मांडणी. निकडीची जाणीव निर्माण करण्यापासून नवी पद्धत संस्कृतीत रुजवण्यापर्यंतच्या आठ पायऱ्याही त्यांच्याच. त्यातल्या दोन गोष्टी मला रोज उपयोगी पडतात: लवकर दिसणारे छोटे विजय आणि एकट्याऐवजी प्रभावी माणसांचा एक गट. पण संस्था व्यवस्थापनात पुढे आणि नेतृत्वात मागे असतात, हे त्यांचं निरीक्षण आज सगळीकडे लागू पडतं असं मला वाटत नाही. मी जिथे जिथे जाते, तिथे भाषणं भरपूर असतात. टाउन हॉल, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभा, होतात, घोषवाक्यं लागतात, प्रवासाला सुरुवात झाल्याचे व्हिडिओ बनतात, आणि गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी प्रणाली सुरू होण्याच्या, दिवशी निम्म्या लोकांचे पासवर्ड चालत नाहीत. जुना डेटा तपासलेला नसतो. प्रशिक्षण तीन महिने आधी उरकलेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्ष वापराच्या वेळी काही आठवत नाही. मदतीच्या क्रमांकावर कोणी फोन उचलत नाही. अशा सकाळी सगळ्यात उत्साही माणूससुद्धा जुन्या वहीकडे परततो, आणि त्याला परत आणणं पहिल्यापेक्षा कठीण असतं, कारण आता त्याच्याकडे अनुभव आहे. हा व्यवस्थापनाचा कच्चेपणा असतो, पण निदान होतं "लोकांची मानसिकता" असं. म्हणून कुणाच्याही मानसिकतेबद्दल बोलण्याआधी लॉगिन, वेळ आणि डेटा या तीन गोष्टी स्वतः तपासा. विशेषतः वेळ. रोजचं काम तेवढंच ठेवून वर नवी पद्धत शिकायला सांगितलं, तर जे होत नाही त्याला विरोध म्हणता येत नाही.

आता तुमचा खरा पेच: अधिकार नसताना नेतृत्व कसं करायचं?

काही भाग तुम्हाला करताच येत नाही, हे आधी मान्य करा. कोणाचा मान, पद किंवा अधिकार बदलायचा असेल तर ते ज्याच्या हातात आहे त्यानेच बोलावं लागतं. तिथे तुम्ही बोललात, तर लोक तुमच्याशी वाद घालतात आणि निर्णय घेणारा सुरक्षित अंतरावर राहतो. तुमचं काम त्या माणसाला त्या खोलीत आणायचं. त्यासाठी "तुमचा पाठिंबा हवा आहे" असं म्हणू नका, त्याला कोणीही हो म्हणतं. नेमकी मागणी करा: या तारखेपासून जुन्या नमुन्यातला अहवाल तुम्ही स्वीकारणार नाही, हे तुम्ही स्वतः विभागप्रमुखांना सांगा. किंवा: मंजुरीचा अधिकार तुमच्याकडून खाली जाणार आहे, तर पहिल्या महिन्यात खालच्या माणसाने घेतलेला निर्णय तुम्ही फिरवणार नाही, असं कबूल करा.

तुम्हाला करता येण्यासारखा भाग मोठा आहे. प्रत्येक गटासाठी एक कागद घ्या आणि त्यावर लिहा, की या बदलाने यांचं काय जातं. काय मिळतं ते सगळे लिहितात, तुम्ही काय जातं ते लिहा. ऑफिसात बसून लिहू नका, त्यांच्या शेजारी बसून काम बघा आणि मग लिहा. ज्या गटाच्या कागदावर फारसं काही येत नाही, तिथे निश्चिंतपणे व्यवस्थापन करा, फार बैठका घेऊन त्यांचा वेळ घालवू नका. जिथे कागद भरतो, तिथे जास्त वेळ द्या.

मधल्या फळीतल्या पर्यवेक्षकांना बातमी त्यांच्या माणसांच्या आधी कळू द्या. संस्था का बदलते आहे हे लोकांना वरच्या माणसाकडून ऐकायचं असतं, पण "म्हणजे माझं काय होणार?" हा प्रश्न ते आपल्या थेट साहेबांनाच विचारतात. त्या साहेबांनाही तेवढंच माहीत असेल, तर ते खांदे उडवतात, आणि त्या एका हालचालीने महिन्याभराचं संवादाचं काम वाया जातं. त्यांना उत्तरं द्या, आणि ज्याचं उत्तर ठरलेलं नाही ते कधी ठरेल त्याची तारीख द्या.

मोजमापही दोन प्रकारचं ठेवा. किती लोक प्रशिक्षित झाले, किती नोंदी झाल्या, हे मोजाच. पण त्याशेजारी एक गोष्ट अशी ठेवा जी फक्त बदल खरा झाला असेल तरच हलते: समांतर वह्या किती उरल्या, जुन्या व्यक्तीला थेट फोन किती जातात, चूक पहिल्यांदा कोणाच्या तोंडून कळते. हे आकडे गोळा करायला किचकट असतात आणि बैठकीत सुबक दिसत नाहीत, तरी ठेवा.

हे कागद हातात घेऊन वरिष्ठांकडे जा. त्यांना सांगा, उदाहरणार्थ, की या चार गटांचं मी बघते, आणि या दोन गटांचं तुमच्याशिवाय होणार नाही. त्या गटांना तुमच्याकडून अमुक ऐकायचं आहे, आणि तुमच्याकडून अमुक गोष्ट सुटलेली बघायची आहे. वरिष्ठ तयार झाले, तर तारीख लगेच ठरवून घ्या. तयार झाले नाहीत, तर त्या दोन गटांपुरता बदल पुढे ढकला किंवा त्याची व्याप्ती कमी करा, आणि तसं लेखी कळवा. बाकीच्या चार गटांत काम नीट झालं, की साधारण एका तिमाहीने तीच चर्चा पुन्हा करता येते, आणि त्या वेळी तुमच्या हातात दाखवायला काहीतरी असतं.